परसातलं रान: नाशिकची पार्श्वभूमी

जुन्या नाशकातल्या वाड्याला परस असे. चौकात तुळस, मागे आड, आणि मोरीचं पाणी वाहत जाई तिथं आळू, कर्दळ, केळ. बागेची हौस म्हणून नव्हे, पाणी वाया जाऊ नये म्हणून. त्या ओलीत बेडूक राहत, केळफुलावर शिंजीर पक्षी येई, भिंतीच्या फटींत चिमण्या घरटी करत. कोपऱ्यातला पालापाचोळा रोज उचलायची कुणाला घाई नसे. अंगणात रान परत आणायचं म्हणून आज जे मुद्दाम करावं लागतं, त्यातलं बरंचसं तेव्हा काटकसरीनं आणि थोड्या आळसानं आपोआप होत होतं.

परस गेला तो हळूहळू. भुयारी गटारं आली आणि आळूचं पाणी तुटलं (डासही कमी झाले, हे मान्य करायला हवं). सातपूर-अंबडला कारखाने आले, सिडको वसली, गंगापूर रोडला बंगले झाले. बंगल्यापुढं कापलेलं लॉन आणि गुलमोहर. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रस्त्याकडेचं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. पुढं गाड्या वाढल्या, तेव्हा लॉनवरही पेव्हर ब्लॉक बसले.

तरी मोगलाईतल्या गुलशनाबाद या नावाला शोभेल इतकं शहर हिरवं दिसत राहिलं, आणि गोम इथंच आहे. फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, पण त्याची अळी कुठलंही पान खात नाही. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळीला रुई लागते, हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराला आपण उपटून टाकतो ते बांडगूळ. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेला नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतो. अशी झाडं नसली, तर हिरव्यागार अंगणातही अळीची उपासमार.

परदेशात रान परत आणायच्या या विचाराचा उगम मात्र घरामागं नव्हे, मोठ्या जंगलांत झाला. १९९८ मध्ये मायकेल सूले आणि रीड नॉस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 'रिवाइल्डिंग'ची, म्हणजे रान परत आणण्याची, मांडणी केली. त्यात तीन गोष्टी होत्या: राखीव मोठं रान, रानांना जोडणारे पट्टे आणि लांडग्यासारखे मोठे शिकारी. आता घराभोवतीच्या जागेलाही तोच शब्द लावतात. नाशिककरांना शिकारी आणायची गरज नाही. मळ्यांतला बिबट्या अधूनमधून वस्तीत येतोच. अंगणात आणायचा तो बिबळ्या कडवा.

इथं या विषयाला तोंड फुटलं ते चिमणीमुळं. नाशिकचे पक्षी-संवर्धक मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २० मार्च २०१० पासून जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला, आणि घराघरांत लाकडी घरटी टांगली गेली. घरट्यानं जागेचा प्रश्न सुटतो, जेवणाचा नाही. मोठी चिमणी दाणे टिपते, पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. अळ्या हव्यात तर देशी झाडोरा हवा आणि औषधफवारणी नको. चिमणीवरून बोलणं असं झाडांवर आलं. २०१५ मध्ये सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर देशी रोपांची देवराई उभी राहू लागली, तेव्हा निदान 'देशी झाड' हा शब्द शहरात सर्वांच्या ओळखीचा झाला.

अंगणात मात्र काम अडतं ते शेजाऱ्यांपाशी. गवत गुडघ्याएवढं झालं की "साप येतील" म्हणून कुणीतरी बजावतं. येतात तेही खरंच, पण त्यांतली धामण उंदीर संपवते. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यावरून डेंग्यूची आठवण काढली जाते. ती रास्त आहे, म्हणून पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून भांडं घासायचं.

माझ्या मते शहरातली सर्वांत रानटी परसं आज जुन्या नाशकातच आहेत, आणि तीही कुणी न ठरवता झालेली. भाऊबंदकीच्या दाव्यात अडकलेले, अर्धे ढासळलेले वाडे. महापालिका दर पावसाळ्याआधी त्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लावते. आत भिंतीतून पिंपळ आणि उंबर फुटलेत, चौकात एरंड माजलाय.