आरोग्यसेवेतला डेटा आणि एआय (खान्देश)

आरोग्यसेवेतला डेटा आणि एआय म्हणजे दवाखान्यात रोज तयार होणाऱ्या नोंदी (केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, बिलं) कॉम्प्युटरवर एका जागी आणायच्या आणि त्यावरून कोणाला आधी तपासायचं, कुठलं औषध संपत आलंय, कोणता पेशंट परत यायचा राहिला हे काढायचं. एआय म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे रोबो डॉक्टर येतो, तसलं इथे काही नाही. हजारो जुन्या केस दाखवल्या की मशीन त्यातला पॅटर्न पकडतं आणि नव्या केसवर अंदाज सांगतं, बस. पण जिथे डॉक्टर कमी आणि रांग लांब तिथे एवढंही पुष्कळ असतं. खान्देश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार. जळगाव-धुळ्यात सीटी स्कॅनवाली हॉस्पिटलं, आणि तिकडे सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवरून अजूनही पेशंट बांबूच्या झोळीत टाकून खाली आणावा लागतो. त्यामुळे एकच तंत्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं वागतं.

नोंद कुठून येते

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, म्हणजे नंबर देण्याचं काम आपल्याकडूनच सुरू झालं म्हणा ना. आरोग्याचा तसाच नंबर म्हणजे आभा, १४ आकडी, आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला, जे २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. कल्पना अशी की चोपड्याला काढलेला रिपोर्ट जळगावला दिसावा, जळगावचा नाशिकला, पेशंटनं हो म्हटलं की. सध्या खान्देशातलं सगळ्यात भरवशाचं मेडिकल रेकॉर्ड म्हणजे कापड दुकानाची पिशवी, तिच्यात सगळे कागद, घडीवर फाटलेले. आमच्या घरी वडिलांची अशीच पिशवी होती, एकदा ती एसटीत राहिली आणि पुढच्या हॉस्पिटलनं सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून करायला लावल्या, पैसे गेले आणि चार दिवसही गेले.

गावातली नोंद आशाताई, नर्सबाई आणि अंगणवाडी सेविका करतात. गरोदर बाईची वेगळी, लसीची वेगळी, टीबीची निक्षय पोर्टलवर (हे २०१२ पासून), मुलांचं वजन-उंची पोषण ट्रॅकरवर (२०२१ पासून). एकच बाई पाच रजिस्टरं आणि तीन ॲप भरते, त्यात रेंज मिळाली तर मिळाली, नाहीतर टेकाडावर जाऊन फोन वर धरायचा. एआयवर भाषणं देणाऱ्यांनी आधी हे टेकाड चढून बघावं असं माझं मत आहे, कारण मशीन शिकतं ते याच नोंदींवरून, आणि संध्याकाळी थकून अंदाजे टाकलेलं वजन मशीनला खरंच वाटतं.

दुसरी भानगड नावांची. एका पाड्यावर वसावे, वळवी, पाडवी, पावरा अशी आडनावं घरोघरी, पहिलं नावही तेच, आणि जन्मतारीख विचारली तर होळीच्या आसपास. ज्यांना तारीख माहीत नव्हती त्यांची शाळेत १ जून लागली (महाराष्ट्रात १ जूनला किती जणांचा वाढदिवस असतो ते बघा एकदा). मग हा माणूस तोच की दुसरा? नाव, बापाचं नाव, गाव, अंदाजे वय, फोन असं सगळं ताडून एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधून काढणं हे मशीनला चांगलं जमतं, दिसायला फार किरकोळ काम, पण बाकी सगळं यावर उभं असतं.

सिकलसेल

खान्देशापुरतं बोलायचं तर डेटाचा सगळ्यात सरळ उपयोग सिकलसेलमध्ये आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, अडकतात, सांधे आणि पोट भयंकर दुखतं, रक्त कमी होतं. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात तो पिढ्यानपिढ्या आहे. आईबाप दोघंही नुसते वाहक असले, म्हणजे स्वतःला काही त्रास नाही, तरी प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघायची शक्यता २५ टक्के. देशाचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं ठरलंय.

तपासणी दोन टप्प्यांत होते, आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (या लॅबमधल्या तपासण्या, रक्तातलं हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं ते दाखवतात) करून वाहक की रुग्ण ते पक्कं करायचं. गळती होते ती या दोन टप्प्यांच्या मधे. पहिली टेस्ट आश्रमशाळेत झाली, दुसरीचा रिपोर्ट येईपर्यंत पोरगी सुट्टीत घरी, घर डोंगरावर, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, आणि रिपोर्ट शाळेच्या कपाटात. इथे भारी एआय लागतच नाही, पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आणि दुसरी पेंडिंग एवढी यादी दर सोमवारी नर्सबाईच्या फोनवर आली तरी काम होतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मागच्या नोंदींवरून कोण पाठपुराव्यातून सुटायची शक्यता जास्त ते आधीच सांगणं, म्हणजे होळीला लोक गावी परत येतात तेव्हा आधी कोणाच्या घरी जायचं ते ठरवता येतं. काठी गावच्या होळीला आख्खा सातपुडा उतरतो, तेव्हा जो भेटला तो भेटला.

एक्स-रे वाचणारं मशीन

छातीचा डिजिटल एक्स-रे बघून टीबीची शंका सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांच्या स्क्रीनिंगसाठी मान्यता दिली. मशीन ० ते १०० मध्ये आकडा देतं किंवा डाग दिसला तिथे रंग भरतं. टीबी आहे असं ते म्हणत नाही, याची थुंकी तपासा असं म्हणतं. तालुक्याला रेडिओलॉजिस्ट मिळणं म्हणजे उन्हाळ्यात तापीला पाणी मिळण्यासारखं, त्यामुळे एका कॅम्पमध्ये निघालेल्या ढीगभर एक्स-रेंतून संशयित आधी वेगळे निघाले तर थुंकीची तपासणी नेमक्या माणसांची होते. स्वीडनमध्ये ८० हजार बायकांच्या स्तनतपासणीत, २०२३ च्या अहवालात, एआय सोबत असल्यावर डॉक्टरांचं फिल्म वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडायचं प्रमाणही घसरलं नाही. पण तिथे फिल्म एका दर्जाची असते आणि लाईट जात नाही, हे ध्यानात ठेवायचं.

हॉस्पिटल चालवणं

याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही पण पैसा इथे वाचतो. बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट होते हे शिपायालाही माहीत असतं, फक्त ड्युटी लावणाऱ्याच्या कागदावर ते नसतं. पावसाळा लागला की शेतात साप निघतात, मग सर्पदंशाचं इंजेक्शन कुठल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किती लागणार हे मागच्या काही वर्षांच्या नोंदींवरून काढून मे महिन्यातच पोचवता येतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ ४५ अंशांवर जातं तेव्हा हवामान खात्याचा अंदाज आणि ओपीडीचा आकडा शेजारी ठेवला की सलाईन, ओआरएस आणि गार खोली यांची तयारी आधी होते. मोफत उपचारांची सरकारी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होता (२०१७ पासून तिला महात्मा फुलेंचं नाव), असल्या योजनांच्या क्लेममध्ये एकाच फोटोवर दोन ऑपरेशनं दाखवली तर मशीन ते लगेच पकडतं.

कुठे फसतं

अमेरिकेतलं एक सॉफ्टवेअर कोणाला जास्त काळजीची गरज आहे ते सांगायचं, आणि २०१९ मध्ये उघड झालं की ते आजार न मोजता खर्च मोजत होतं. काळ्या लोकांवर मुळात खर्चच कमी व्हायचा म्हणून तेवढेच आजारी असूनही ते यादीत खाली. आता हेच धडगावला लावा. जो दवाखान्यापर्यंत पोचतच नाही त्याची नोंद नाही, नोंद नाही म्हणजे मशीनच्या हिशोबानं तो ठणठणीत. थायलंडमध्ये डायबिटीसवाल्यांच्या डोळ्यांचे फोटो तपासणारं गुगलचं एआय दवाखान्यांत लावलं तर साधारण २१ टक्के फोटो मशीननं परत केले, कारण खोलीत उजेड नीट नव्हता, आणि लॅबमध्ये ते झकास चालत होतं. शिवाय मशीननं सांगितलं आणि चुकलं तर जबाबदार कोण, तर रिपोर्टवर ज्याची सही आहे तो डॉक्टर, म्हणून सही करणाऱ्यानं फिल्म स्वतः बघायलाच पाहिजे.

भाषेचं तर विचारूच नका. बोललेलं ऐकून केसपेपर लिहिणारी सॉफ्टवेअरं आलीत, पण ती प्रमाण मराठीवर शिकलेली, आणि म्हातारी अहिराणीत सांगते "मन्हं पोट दुखी ऱ्हायनं", पावरी-भिली तर त्याहून लांब. भिली बोलणारे २०११ च्या जनगणनेत एक कोटीच्या वर आहेत, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात (मान्य भाषांच्या यादीत) नाही, अहिराणीही नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की माणसाची संमती घेताना माहिती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी एकीत मिळायला पाहिजे. त्यामुळे सातपुड्यातल्या मोलगीच्या बाईला तिच्या रक्ताचा रिपोर्ट कोण बघणार, कशासाठी, आणि नाही म्हटलं तरी उपचार मिळतील, हे तिच्या बोलीत सांगायचं काम शेवटी ओट्यावर बसून आशाताईच करते, आणि या कामाला अजून तरी कुठल्याच ॲपमध्ये रकाना नाही.