'अंदाजे वय' आणि धमन्या : पार्श्वभूमी

विहिरीत किंवा बंधाऱ्यात अनोळखी प्रेत सापडलं की अकस्मात मृत्यूच्या नोंदीत 'अंदाजे वय' हा रकाना भरावाच लागतो. दात, जघनास्थीचा (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाचा) सांधा, कवटीच्या शिवणी हे नेहमीचे आधार. चाळिशीनंतर ते सैल पडतात, मग नजर धमन्यांकडे वळते. माणूस त्याच्या धमन्यांइतका म्हातारा, असं डॉक्टर मंडळी पूर्वीपासून म्हणत आलीच आहेत.

सगळा घोळ आहे तो एका शब्दात. १८२९ मध्ये कडक झालेल्या धमन्यांसाठी 'आर्टेरिओस्क्लेरोसिस' हा शब्द आला आणि त्यात सगळंच कोंबलं गेलं. १९०३ मध्ये एका जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने धमनीच्या मधल्या थरात साचणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, वेगळा काढला. पुढच्याच वर्षी दुसऱ्याने आतल्या थरातल्या चरबीच्या लेपाला 'अथेरोस्क्लेरोसिस' म्हटलं. ग्रीक 'अथेरे' म्हणजे पेज. आपल्या परिभाषाकारांनी याला 'रोहिणीविलेपीविकार' हा शब्द दिला. रोहिणी म्हणजे धमनी, आणि विलेपी म्हणजेही पेजच. भाषांतर इतकं नेमकं की दाद द्यावी. पण वापरतो कोण? सरसकट 'धमनीकाठिण्य' लिहून मोकळे होतात.

हा काही शब्दांचा कीस नव्हे. आतला लेप वाढतो तो तंबाखू, रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीने; मधल्या थरातला चुना मधुमेहाने आणि मूत्रपिंडाच्या आजाराने. वयाशी सगळ्यांत इमानी राहतो तो तिसराच बदल : धमनीला लवचीक ठेवणारे इलॅस्टिनचे तंतू तुटत जातात, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) रुंदावते. अहवालात नुसतं 'काठिण्य, सबब पन्नाशीपुढे' असं आलं तर यांतलं नेमकं काय पाहिलं?

धमन्यांवरून वय ठरवण्याला १९५३ मध्येच तडा गेला होता. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली गेली. सरासरी वय २२, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा! त्यानंतरही लेपावरून वय सांगत राहणं मला तरी पटत नाही.

१९९० पासून सीटी स्कॅनवर हृदयधमन्यांतला चुना आकड्यात मोजता येऊ लागला. २०२१ मध्ये दिल्लीत चिरफाड न करता सीटीने शवतपासणी सुरू झाली. पण आकडा आला तरी तो ताडून पाहायला खरं वय माहीत असलेली माणसं लागतात, आणि मराठवाड्यात गाडी इथेच अडते. जुन्या पिढीच्या जन्मतारखा पाहा : गुरुजींनी घातलेली १ जून. त्याआधी निजामाच्या राज्यातले उर्दू दाखले, फसली सनातले, म्हणजे तिथल्या महसुली वर्षातले. फसली १३५० म्हणजे १९४०-४१, हे गणित करताना एखादं वर्ष सहज इकडचं तिकडे होतं. अंदाज तपासायचा तोही अंदाजावरच. त्यात तरुणपणापासून मिसरी, तंबाखू. चुन्यावरून वय सांगणारे, परदेशी लोकांवर बेतलेले तक्ते इथे जसेच्या तसे कसे चालतील?

नुसता सांगाडा मिळाला तर धमनी कुजून गेलेली असते, चुना मात्र टिकतो. महाधमनी कमरेच्या मणक्यांपुढून जाते, म्हणून तिथल्या मातीत त्याचे तुकडे सापडू शकतात. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे जागोजागी, त्यामुळे चाळताना हेही खडे समजून फेकले जातात. रानातला खडा भरीव, ओबडधोबड असतो. कवचासारखा पातळ, आतून वळलेला तुकडा हाती आला तर तो धमनीचा असू शकतो, बाजूला ठेवावा.