विश्वासांतराल व नमुना-आकार

समष्टीतील (ज्यांविषयी माहिती हवी त्या सर्व घटकांच्या समूहातील) एखाद्या अज्ञात प्राचलाचे (समष्टीचे वर्णन करणाऱ्या संख्येचे; उदा., माध्य म्हणजे सरासरी, किंवा प्रमाण म्हणजे एखादा गुण असलेल्यांचा वाटा) मूल्य नमुन्यावरून सांगताना एकच आकडा न देता दोन टोकांमधला जो पल्ला देतात, त्याला विश्वासांतराल म्हणतात. हा पल्ला काढण्याची रीत अशी असते, की त्याच समष्टीतून तेवढ्याच आकाराचे यादृच्छिक नमुने पुन्हापुन्हा घेतल्यास ठरावीक शेकडा वेळा, बहुधा ९५ वेळा, खरे मूल्य पल्ल्यात सापडते. हा शेकडा म्हणजे विश्वासपातळी. ती रीतीची असते, हाती आलेल्या एका पल्ल्याची नव्हे. ‘खरे माध्य ४२ ते ४६ यांच्या दरम्यान असण्याची संभाव्यता ०·९५’ हे विधान म्हणूनच सदोष ठरते. माध्य स्थिर असते. नमुन्यागणिक हलतात ती टोके. असेच विधान करायचे असेल, तर बेझच्या पद्धतीने प्राचलाचे पूर्व-वितरण (नमुना पाहण्याआधी त्याच्या संभाव्य मूल्यांना दिलेल्या संभाव्यता) गृहीत धरावे लागते, आणि मग मिळणारा पल्ला विश्वासांतराल राहत नाही.

उगम : संकल्पनेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. लाप्लासने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या नमुन्यांसाठी दिलेल्या त्रुटी-मर्यादा आकड्यांनी आजच्या सूत्रासारख्याच येतात. त्यामुळे काही लेखक उगम तिथवर मागे नेतात. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये प्रमाणासाठी जो पल्ला दिला, त्याचे विवेचन आजच्या अर्थाच्या बरेच जवळ आहे. प्राचल स्थिर आणि निरीक्षित प्रमाण बदलते, हे त्यांनी तिथे स्पष्टपणे मांडले. रोनाल्ड फिशर यांची १९३० मधील मांडणी साध्या उदाहरणांत तीच टोके देते, मात्र ती संभाव्यता प्राचलालाच जोडू पाहते. येझी नेमन यांनी १९३४ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात संज्ञा इंग्रजीत रूढ केली आणि १९३७ मध्ये तिचा पूर्ण सिद्धांत मांडला. पोलिश भाषेत ती संज्ञा त्याआधीच, निदान १९३२ च्या सुमारास, वापरात होती. आपली रीत फिशर यांच्याच कल्पनेचा विस्तार आहे, असे नेमन प्रारंभी मानत. दोघांची वाट पुढे वेगळी झाली. १९३४ च्या त्या चर्चेत आर्थर बाउली यांनी हा ‘विश्वास’ म्हणजे ठकबाजी तर नव्हे ना, अशी शंका घेतली होती. लाप्लासपाशी आकडे आहेत, पण वारंवारतेची हमी नाही. फिशर यांच्यापाशी हमी आहे, पण तिचा अर्थ वेगळा. म्हणून जनकत्व नेमन यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. विल्सन यांचे श्रेय मात्र बहुतेक ठिकाणी उगाच कमी लेखले जाते.

माध्याचा पल्ला : नमुना-माध्याच्या दोन्ही बाजूंना ‘गुणक × प्रमाण त्रुटी’ एवढे अंतर घेतात. प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलनाला (निरीक्षणे माध्याभोवती किती पसरली आहेत त्याच्या मापाला) नमुना-आकाराच्या वर्गमुळाने भागून येणारी संख्या. प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या) वितरणावरून गुणक ९०, ९५ व ९९ टक्के पातळ्यांसाठी अनुक्रमे १·६४५, १·९६ व २·५७६ येतात. समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक नसेल आणि ते नमुन्यावरूनच काढले असेल, तर टी वितरणातील गुणक घ्यावा लागतो. हे वितरण विल्यम गॉसेट यांनी डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करताना ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये मांडले.

फरक किती पडतो ते पाहू. एक किलोच्या साखरेच्या १० पुड्या तोलल्या, माध्य ९९६ ग्रॅम आणि प्रमाण विचलन ६ ग्रॅम निघाले, असे समजा. प्रमाण त्रुटी १·९० ग्रॅम येते. १·९६ वापरल्यास पल्ला ९९२·३ ते ९९९·७ ग्रॅम, म्हणजे पुडी हलकी भरली जाते असा निष्कर्ष. स्वातंत्र्यमात्रा (इथे नमुना-आकारापेक्षा एक कमी) ९ असताना टी गुणक २·२६२ आहे. त्याने पल्ला ९९१·७ ते १०००·३ होतो, १००० आत येतात आणि निष्कर्ष गळतो. लहान नमुन्यावर १·९६ लावणाऱ्याची ‘९५ टक्के’ पातळी इथे प्रत्यक्षात सुमारे ९२ टक्केच भरते. नमुना ३० च्या वर गेला की टी विसरावे, हा नियम संगणकापूर्वीच्या कोष्टकांची सोय आहे. आज त्याला कारण उरलेले नाही.

प्रमाणाचा पल्ला : शिकवले जाणारे सूत्र, प ± १·९६ × √(प(१ − प)/न), इथे प नमुन्यातील प्रमाण आणि न नमुना-आकार, प शून्याजवळ किंवा एकाजवळ असताना कोसळते. २० रोपांपैकी एकही रोगट निघाले नाही, तर ते ० ते ० असा पल्ला देते, जणू शेतात रोग नाहीच. विल्सन यांच्या रीतीने वरचे टोक १६·१ टक्के येते, तर क्लॉपर व पिअर्सन यांच्या १९३४ मधील ‘अचूक’ रीतीने १६·८ टक्के. ही दुसरी रीत खबरदारीची, म्हणून पल्ला गरजेपेक्षा रुंद. शून्य प्रकरणे आढळल्यास ३ ला नमुना-आकाराने भागून वरची मर्यादा (इथे १५ टक्के) काढण्याचा तोंडी हिशोबही चालतो. तो एकतर्फी (फक्त वरचे टोक देणाऱ्या) ९५ टक्के पातळीचा आहे. नमुना मोठा असूनही साध्या सूत्राची पातळी खालीवर हेलकावते, हे लॉरेन्स ब्राउन, टोनी काय व अनिर्बन दासगुप्ता यांनी २००१ मध्ये दाखवले. तेव्हापासून विल्सन यांची रीत पसंत करण्याकडे कल आहे.

नमुना-आकार : हेच गणित उलटे चालवले की नमुना-आकार मिळतो. प्रमाणासाठी न = क² × प(१ − प) ÷ त²; इथे क गुणक आणि त मान्य त्रुटी-मर्यादा. प ठाऊक नसल्यास ०·५ धरतात, कारण तिथे प(१ − प) सर्वांत मोठे असते. ९५ टक्के पातळी आणि ५ टक्के त्रुटी यांसाठी ३८४·१६ येतात. हे ३८५ धरावेत. नेहमी वरचा पूर्णांक, एरवी मर्यादा किंचित ओलांडली जाते. त्रुटी ३ टक्के हवी असेल तर १,०६८, आणि १ टक्का हवी तर ९,६०४. त्रुटी निम्मी करायला नमुना चौपट लागतो, आणि सर्वेक्षणाचे अंदाजपत्रक बहुधा इथेच अडते.

समष्टी लहान असेल तर मिळालेल्या संख्येला १ + (न − १)/स याने भागतात. स म्हणजे समष्टीचा आकार. १,००० घरांच्या गावात ३८५ ऐवजी २७८ पुरतात. पण उलट समजूत, की मोठ्या राज्यासाठी मोठा ‘टक्का’ हवा, चुकीची आहे. समष्टी लाखाची असो वा कोटीची, लागणारी संख्या जवळपास तीच राहते.

यादृच्छिक निवड घरागणिक न करता गावांच्या किंवा वस्त्यांच्या गटांतून केली, तर शेजारी एकमेकांसारखे असल्याने माहिती कमी मिळते. त्यासाठी नमुना-आकाराला आराखडा-गुणकाने (ही तूट भरून काढणाऱ्या संख्येने) गुणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण सर्वेक्षणातील ‘३० गट, प्रत्येकी ७ मुले’ हा जुना साचा असाच आला : १० टक्के त्रुटीला ९६, आराखडा-गुणक २ धरून १९२, तीस गटांत वाटून ६·४, म्हणून ७. न भेटणाऱ्यांची सोय वेगळी करावी लागते. ७७० उत्तरे हवी असतील आणि दहापैकी एक घर बंद सापडणार असेल, तर ७७० ला ०·९ ने भागून ८५६ घरे गाठावी लागतात. १० टक्के ‘वाढवून’ ८४७ घेण्याची चूक सर्रास होते.

माध्यासाठी न = (क × प्रमाण विचलन ÷ त)². अडचण अशी, की प्रमाण विचलन आधी ठाऊक नसते. जुने सर्वेक्षण, छोटी चाचणी पाहणी, किंवा अपेक्षित कमाल व किमान यांतील फरकाचा चौथा भाग, असे तीन मार्ग आहेत. तिसरा फक्त निरुपायाचा. दहा जणांच्या चाचणीतून निघालेले विचलन निम्म्याहून अधिक वेळा खऱ्यापेक्षा कमी भरते, त्यामुळे नमुनाही अपुरा ठरतो. चार्ल्स स्टाइन यांनी १९४५ मध्ये यावर दोन टप्प्यांची रीत दिली. पहिल्या टप्प्यातील विचलनावरून दुसरा टप्पा किती मोठा ते ठरते आणि पल्ल्याची रुंदी पक्की राखता येते.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांचे लंडनमधील संशोधन याच प्रश्नाशी भिडलेले होते. समष्टीचे स्तर (एकजिनसी गट) पाडून नमुना त्यांत वाटताना नेमन यांच्या इष्टतम वाटपाला प्रत्येक स्तराचे विचलन लागते. ते लहान प्राथमिक नमुन्यांवरून अंदाजले तरी वाटप बहुधा प्रमाणशीर (स्तराच्या आकारानुसार केलेल्या) वाटपापेक्षा सरस ठरते, असे त्यांनी १९३५ मध्ये दाखवले. पुढे भारतातील पीक कापणी प्रयोगांत (शेताचा छोटा तुकडा कापून उत्पन्न अंदाजण्याच्या) पी. सी. महालनोबीस यांच्याशी त्यांचा प्लॉटच्या आकारावरून वाद झाला. महालनोबीस काही फूट त्रिज्येच्या लहान वर्तुळांच्या बाजूचे, तर सुखात्मे ३३ × १६·५ फुटांच्या, म्हणजे एकराच्या ८० व्या भागाच्या, आयताचे. लहान वर्तुळे स्वस्त पडतात, संख्येने खूप घेता येतात, आणि पल्ला अरुंद येतो. पण परिघावरचे धाट आत की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात आत झुकतो. क्षेत्र जितके लहान तितका परिघ तुलनेने मोठा, म्हणून उत्पन्न फुगलेले दिसते. प्रमाण त्रुटीच्या सूत्रात या चुकीला जागाच नाही. वर्तुळे दहापट केली तरी पल्ला त्याच फुगलेल्या आकड्याभोवती अरुंद होत जातो.