डेली स्क्रम म्हणजे मॅनेजरपुढची हजेरी नव्हे

सकाळी साडेनऊला दहा जण कॉलवर येतात, मॅनेजर ‘जिरा’ या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा बोर्ड स्क्रीनवर उघडतात आणि एकेकाचे नाव पुकारले जाते. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत सर्रास याच प्रकाराला ‘डेली स्क्रम’ (म्हणजे ‘स्क्रम’ या टप्प्याटप्प्याने काम करण्याच्या पद्धतीतली रोजची छोटी बैठक) किंवा ‘स्टँडअप’ म्हटले जाते. वास्तविक ही आढावा बैठक आहे. आढावा बैठक म्हणजे काय, हे नोकरदाराला सांगायला नकोच. तिची गरज असते हे मला मान्य आहे, परंतु ती रोज भरवण्याची गरज मला कधीही पटलेली नाही.

उभे राहावे की बसावे, हा वाद फिजूल आहे. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या स्क्रमच्या जनकांच्या ‘स्क्रम गाइड’मध्ये उभे राहण्याचा उल्लेखही नाही. 15 मिनिटांची मर्यादा मात्र आहे, पण 15 मिनिटांत उरकली एवढ्यानेच आढावा बैठक डेली स्क्रम ठरत नाही.

खरी गफलत होते ती कोण कोणाशी बोलतो याबाबत. आढाव्यात प्रत्येक जण मॅनेजरला झालेल्या कामाचा हिशेब देतो. डेली स्क्रममध्ये डेव्हलपर एकमेकांशी बोलतात आणि स्प्रिंटचे (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याचे) उद्दिष्ट गाठायचे तर उरलेल्या कामाची मांडणी आज कशी बदलावी, हे ठरवतात. समजा, पेमेंटचा एपीआय (दोन प्रणालींना जोडणारा सॉफ्टवेअरचा दुवा) अडकला आहे. आढाव्यात त्यावर ‘80 टक्के झाले’ असे उत्तर येते आणि पुढचे नाव घेतले जाते. डेली स्क्रममध्ये शेजारचा म्हणतो, ‘तुझा एपीआय आज मिळणार नसेल, तर मी स्क्रीनचे काम बाजूला ठेवून टेस्टिंग उरकून घेतो.’ पहिल्या बैठकीने मॅनेजरला एक आकडा मिळाला, दुसरीने एका माणसाचा दिवस वाया जाण्यापासून वाचला. शंका असेल तर मॅनेजर रजेवर असतील त्या दिवशी काय होते ते पाहावे: बैठकच रद्द होत असेल, तर ती डेव्हलपरांची कधी नव्हतीच.

‘काल काय केले, आज काय करणार, अडचण काय’ ही त्रिसूत्री जपमाळेसारखी ओढणाऱ्यांचा मला विशेष वैताग येतो. 2017 च्या गाइडमध्ये हे प्रश्न केवळ नमुन्यादाखल होते आणि 2020 च्या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. ‘काल काय केले’ असे सर्वांदेखत विचारले की माणूस अडचण सांगण्याऐवजी स्वतःची बाजू सावरू लागतो.

डेली स्क्रममुळे इतर बैठकांची गरज उरत नाही, असे गाइड म्हणते. आपल्याकडे मात्र खरे बोलणे राहून गेल्यामुळे त्याच मंडळींना अकरा वाजता दुसरा कॉल लावावा लागतो. पाऊण तास चाललेली दहा जणांची बैठक साडेसात मनुष्य-तास खाते. मॅनेजरना आकडे हवे असतील, तर त्यांनी बोर्ड स्वतः उघडून वाचावा. तो त्यासाठीच अद्ययावत ठेवायचा असतो.