सिगिरिया

सिगिरिया : श्रीलंकेच्या मातले जिल्ह्यात, दंबुल्लजवळच्या सपाट रानातून सुमारे १८० मीटर उंच उठलेला कातळ आणि त्याच्या माथ्यावर व पायथ्याशी वसलेली पाचव्या शतकातील राजनगरी. मूळ नाव सिंहगिरी. माथ्याकडे जाणारा जिना विटा व चुन्याच्या एका प्रचंड सिंहाच्या मुखातून वर जात असे. आता त्या सिंहाचे दोन पंजे तेवढे उरले आहेत.

राजा येण्यापूर्वी येथील गुहांत बौद्ध भिक्षू राहत होते. गुहांत पाणी येऊ नये म्हणून कोरलेल्या कातळपट्ट्या आणि दानाची नोंद करणारे ब्राह्मी लेख अजून दिसतात.

नगरी उभारणाऱ्या काश्यपाची (कारकीर्द ४७७–४९५) कथा ‘चूलवंस’ या पाली बखरीत येते. कलावेव हा विशाल तलाव बांधणारा राजा धातुसेन हा त्याचा पिता. काश्यपाची आई राजकुळातील नव्हती, त्यामुळे गादीचा मान धाकट्या मोग्गल्लानाचा होता. सेनापती मिगाराच्या चिथावणीने काश्यपाने पित्याला कैद केले आणि दडवलेले धन मागितले. धातुसेन त्याला कलावेववर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतले आणि म्हणाला, माझे धन ते हेच. त्याला भिंतीत चिणून मारण्यात आले. मोग्गल्लान भारतात पळाला आणि अठरा वर्षांनी सैन्य घेऊन परतला. लढाईत दलदल टाळण्यासाठी काश्यपाचा हत्ती वळला, राजा मागे फिरला असे वाटून सैन्य पांगले आणि काश्यपाने स्वतःचा गळा चिरला. विजयी भावाने राजधानी पुन्हा अनुराधपुरास नेली व सिगिरिया भिक्षूंना दिले.

ही बखर भिक्षूंनी लिहिली, तीही घटनेनंतर कित्येक शतकांनी. पितृघातक राजा भीतीने कातळावर लपला, हे तिचे सांगणे जागेवर गेल्यावर अपुरे वाटते. सह्याद्रीचे गड पाहिलेल्याला येथे खंदक व तट ओळखीचे वाटतील, पण नजर खिळते ती बागांवर. पश्चिमेला आखीव जलोद्याने आहेत. जमिनीखालच्या नळांतून पाणी येते आणि भर पावसाळ्यात तिथली कारंजी आजही उडतात. काश्यप येथे अलका या आपल्या नगरीतल्या कुबेरासारखा राहिला, असे तीच बखर म्हणते. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी हे शब्द धरून ही नगरी कुबेराच्या अलकेची प्रतिकृती मानली.

कातळाच्या पश्चिम अंगावरील, कमरेखाली ढगांत विरणाऱ्या स्त्रियांची चित्रे परणवितान यांच्या मते मेघलता व विद्युत्कुमारी. इतर अभ्यासकांना त्या अप्सरा किंवा राजस्त्रिया वाटतात. शैलीसाठी त्यांची अजिंठ्याशी नेहमी तुलना होते. आज वीसच्या आसपास आकृती शिल्लक आहेत. १९६७ मध्ये कोणीतरी त्यांवर रंग फासला होता, तो मोठ्या कष्टाने काढावा लागला.

पुरातत्त्वज्ञ एच. सी. पी. बेल यांनी १८९४ पासून येथे उत्खनन केले. १९८२ मध्ये स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

चित्रांखालच्या वाटेलगत चुन्याने गुळगुळीत केलेली ‘आरसेभिंत’ आहे. राजधानी उठून गेल्यावर शतकानुशतके आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर सिंहली ओळी कोरल्या, आणि हेच मला सिगिरियाचे खरे धन वाटते. परणवितान यांनी त्यांतील ६८५ लेख वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक लेखांत चित्रातल्या सुंदरींची स्तुती आहे. देवा नावाच्या एका स्त्रीने मात्र लिहिले आहे की हातात मोत्यांचा सर घेतलेली ती हरिणाक्षी माझ्याशी बरोबरी करू पाहते, तिचा मला राग येतो.