टोकापासून सुरू होणारी पडझड

मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचण्याचा शेवटचा टप्पा म्हणजे मज्जारज्जूतून निघालेल्या प्रेरक चेतातंतूचे टोक आणि स्नायुतंतू यांच्यातील सुमारे 50 नॅनोमीटरची फट; या जोडाला चेता-स्नायू संधी म्हणतात. विद्युतसंदेश टोकाशी आला की कॅल्शियम आत शिरते, सूक्ष्म पुटिकांमधील (पिशव्यांमधील) ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन बाहेर पडते आणि स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटते. निरोगी शरीरात हे रसायन दर वेळी गरजेपेक्षा बरेच जास्त सोडले जाते, त्यामुळे संदेश सहसा हुकत नाही.

मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार; त्याचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस). फ्रेंच वैद्य शार्को यांनी 1869 मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हापासून चेतापेशींच्या मृत्यूवरच सगळ्यांची नजर राहिली. पण एएलएसशी संबंधित एसओडी1 या जनुकात दोष असलेल्या उंदरांवरील, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की मज्जारज्जूतील पेशी शाबूत असतानाच अनेक स्नायुतंतूंशी असलेले चेतातंतूंचे संधान तुटलेले होते. याची एक संभाव्य कारणमीमांसा अंतराशी निगडित आहे: माणसात हा तंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो आणि दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर वेगाने होणाऱ्या जलद वाहतुकीनेही पेशीतील सामग्री टोकाला पोहोचायला काही दिवस लागतात, ही वाहतूक बिघडली तर पहिली झळ टोकालाच बसणार.

रुग्णाला मात्र हे लगेच जाणवत नाही, कारण शेजारचे तंतू नव्या शाखा फोडून पोरके झालेले स्नायुतंतू आपल्या ताब्यात घेतात. ईएमजी या स्नायूंतील विद्युतसंकेत नोंदवणाऱ्या तपासणीत दिसणारे मोठे, लांबलेले विद्युतसंकेत हा या डागडुजीचाच पुरावा असतो. नव्या चेता-स्नायू संधी अपरिपक्व असल्याने वारंवार उद्दीपन दिल्यास काही रुग्णांत स्नायूचा प्रतिसाद घटत जातो. अशी घट मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारातही दिसते, परंतु तिथे शरीराचीच प्रतिपिंडे बहुधा ग्राहींवरच हल्ला करतात आणि ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखणारे औषध चांगले लागू पडते; एएलएसमध्ये चेतातंतूच माघार घेत असल्याने त्या औषधाचा टिकाऊ उपयोग होत नाही. शिवाय मायस्थेनियात डोळ्यांचे स्नायू अनेकदा सर्वांत आधी दुबळे होतात, तर एएलएसमध्ये ते दीर्घकाळ बचावतात.

1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रिल्युझोल हे एएलएसवरील औषध ग्लुटामेट या चेतापेशींना उद्दीपित करणाऱ्या रसायनाचा अतिरेक आवरते, तर 2023 मध्ये मान्यता मिळालेले टोफर्सन एसओडी1 प्रथिनाची निर्मिती घटवते आणि केवळ त्या जनुकदोषाच्या रुग्णांसाठी आहे. तुटलेली संधी पुन्हा जोडणारे औषध अद्याप उपलब्ध नाही.