भूल देताना हात का जळतो, आणि ते कमी करायला आम्ही काय करतो

पूर्ण भूल घ्यायची म्हटलं की पेशंट आम्हाला बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात: नंतर शुद्धीवर येईन ना, आणि ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग येणार नाही ना. औषध शिरेत जाताना हात दुखेल का, हे सहसा कोणी विचारत नाही. पण दुसऱ्या ऑपरेशनला आलेला पेशंट नेमकी तीच आठवण काढतो. "मागच्या वेळी हातात आग झाली होती हो, तेवढं जरा बघा." म्हणून भूलतज्ज्ञांच्या आमच्या छोट्या गटाने हे माहितीपत्रक फक्त त्या अर्ध्या मिनिटाबद्दल लिहिलं आहे.

जळजळ कशाची?

पूर्ण भुलेची सुरुवात बहुतेक वेळा प्रोपोफॉल नावाच्या औषधाने होते. सिरिंजमध्ये ते दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते पाण्यात विरघळत नाही. सोयाबीन तेलाच्या अगदी बारीक थेंबांत ते मुरवलेलं असतं, आणि हे थेंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अंड्याच्या बलकातलं लेसिथिन घातलेलं असतं. १९७७ मध्ये पेशंटवर पहिल्यांदा वापरलं तेव्हा ते वेगळ्याच द्रावणात होतं. त्या द्रावणाने काहींना तीव्र अ‍ॅलर्जी आली, म्हणून ते बाजूला ठेवावं लागलं. तेलाच्या रूपात ते १९८६ मध्ये बाजारात आलं. अ‍ॅलर्जीचा प्रश्न बराच सुटला, जळजळ मात्र राहिली.

याचं कारण असं की थोडंसं प्रोपोफॉल तेलाबाहेर, पाण्याच्या भागात मोकळं राहतंच. ते शिरेच्या आतल्या अस्तराला लागतं, आणि तिथे वेदना कळवणाऱ्या नसा (मज्जातंतू) असतात. काहींना औषध सुरू होताक्षणीच चरचरतं. काहींना दहा-वीस सेकंदांनी मनगटाकडून कोपराकडे कळ चढते, कारण तेवढ्या वेळात शिरेत ब्रॅडिकायनिनसारखी वेदना वाढवणारी द्रव्यं तयार होतात. काहीच काळजी घेतली नाही तर दहातल्या साधारण सहा जणांना हा त्रास होतो. तो काही सेकंदांचा असतो, त्याने शिरेला इजा होत नाही, आणि कळ पुरती जाणवेपर्यंत बहुतेकांना झोप लागलेली असते. तरीही, टाळता येण्यासारखं दुखणं "एवढं काय त्यात" म्हणून सोडून द्यावं असं आम्हाला वाटत नाही.

अर्धा प्रश्न सुई कुठे लागते यावरच ठरतो

हे अनेकांना ठाऊक नसतं. सलाईनची सुई बहुधा हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला लावतात. तिथली शीर सरळ असते, डोळ्यांना दिसते, आणि हात हलला तरी सलाईन अडत नाही. पण ती बारीक असते आणि तिच्यातून रक्त सावकाश वाहतं. त्यामुळे औषध फारसं पातळ न होता अस्तराला घासत पुढे जातं. कोपराच्या आतल्या बाजूची शीर जाड असते. तिथे भरपूर रक्त वाहतं, त्यात औषध लगेच मिसळतं आणि दुखणं खूपच कमी होतं. प्रोपोफॉलच्या दुखण्यावर झालेल्या १७७ चाचण्या, म्हणजे २५ हजारांहून जास्त पेशंटची माहिती, एकत्र करून तपासलेला अहवाल २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. सगळ्यात उपयोगी म्हणून त्यात दोन उपाय पुढे आले. एक म्हणजे कोपराची शीर. दुसरा, पंजाचीच शीर घ्यायची असेल तर तिला आधी बधिर करून घेणं.

मग सगळ्यांनाच कोपरात सुई का लावत नाही? कारण कोपर वाकतं. वाकलं की सलाईन थांबतं, आणि वॉर्डात परत गेल्यावर हात सरळ धरून बसावं लागतं. शिवाय त्या शिरेला लागूनच धमनी आणि नस असते. छोट्या ऑपरेशनला कोपर चालून जातं. दोन-तीन दिवस सलाईन चालणार असेल तर पंजा किंवा मनगटाच्या वरचा भाग सोयीचा.

लक्षात ठेवा, ही सुई अनेकदा सकाळी वॉर्डातच लागते, आम्ही तुम्हाला भेटायच्या आधी. मागच्या वेळी हात जळला असेल तर ते सिस्टरना तेव्हाच सांगा. कोणत्या हाताची शीर पटकन मिळते तेही सांगा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात, किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात, सुईसाठी पुढे करू नका. थंडीने शिरा आकसतात, म्हणून हात पांघरुणात गरम ठेवा. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

दंडावरची पट्टी

पंजाच्या शिरेतून भूल द्यायची असेल तेव्हा आमचा नेहमीचा उपाय हा. टेबलावर झोपल्यावर दंडाला रबरी पट्टी आवळली जाते, रक्त तपासायला घेताना आवळतात तशीच. मग सुईतून लिग्नोकेनचा छोटा डोस जातो, मोठ्या माणसाला साधारण ४० मिलिग्रॅम. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे औषध. पट्टीमुळे ते वर न जाता हाताच्या शिरांत अडून राहतं आणि आतलं अस्तर बधिर करतं. अर्धं ते एक मिनिट थांबायचं असतं. तेवढ्या वेळात हात जड वाटेल, बोटांना मुंग्या येतील, कधी जीभ किंचित वेगळी लागेल किंवा कानात बारीक आवाज येईल. मग पट्टी सुटते आणि लगेच प्रोपोफॉल सुरू होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे तयार उभे असताना हे एक मिनिट लांबल्यासारखं वाटतं. आम्ही ते कापत नाही.

घाईच्या केसमध्ये पट्टी न लावता लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्येच मिसळून देतात. त्यानेही फरक पडतो. पण ते देण्याच्या अगदी आधी मिसळावं लागतं. मिसळून ठेवलं तर तेलाचे बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतात, आणि असं औषध शिरेत जाणं धोक्याचं.

दाताच्या इंजेक्शनने पूर्वी त्रास झाला असेल, फिट येत असतील किंवा हृदयाचे ठोके मंद पडण्याचा आजार असेल तर आधी सांगा. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगा. ती सहसा पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते आणि लेसिथिन बलकातलं, त्यामुळे बहुतेकांना प्रोपोफॉल चालतं; तरी आम्हाला माहीत असलेलं बरं.

बाकीचे उपाय

फेंटानिलसारखं वेदनाशामक भुलेच्या आधी दिलं तर दुखणं आणखी बोथट होतं. ते तसंही बहुतेक ऑपरेशनला द्यायचंच असतं, म्हणून आम्ही ते आधी देतो. त्याने क्षणभर गरगरल्यासारखं वाटेल किंवा खोकल्याची उबळ येईल. प्रोपोफॉलचा एक प्रकार मध्यम साखळीचं, म्हणजे आखूड रेणूंचं, तेल मिसळून बनवलेला असतो. त्यात मोकळं औषध कमी राहतं, म्हणून तो कमी जळतो.

"डॉक्टर, हळूहळू द्या म्हणजे दुखणार नाही" असं पुष्कळजण सांगतात. उलट आहे. हळू दिलेलं औषध बारीक शिरेत जास्त वेळ रेंगाळतं. वयस्कर किंवा हृदयाच्या पेशंटला आम्ही सावकाशच देतो, पण ते ब्लडप्रेशर सांभाळण्यासाठी. त्यांच्या बाबतीत शीर बधिर करून घेणं आणखी गरजेचं.

लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांना मुख्य भीती सुईचीच. सुईच्या तासभर आधी हातावर बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवता येते. मलमाने कातडी बधिर होते, पण शिरेच्या आतली जळजळ थांबेलच असं नाही. त्यामुळे लहान मुलांना अनेकदा मास्कमधून गॅस देऊन झोपवतात आणि सुई नंतर लावतात. यातलं काय करायचं ते आदल्या दिवशी आमच्याशी बोलून ठरवा.

लगेच ओरडून सांगावं असं दुखणं

वर सांगितलेली जळजळ शिरेच्या वाटेने चढते आणि ओसरते. पण सुईच्या जागी गोळा फुगत असेल, कातडी ताणल्यासारखी वाटत असेल, किंवा बोटं पांढरी पडून खाली पंजात असह्य कळ जात असेल तर सुई शिरेतून सरकलेली किंवा चुकून धमनीत असू शकते. तोंडावर मास्क असला तरी बोला, किंवा दुसरा हात हलवा. आम्ही औषध तिथेच थांबवतो आणि सुई तपासतो.

झोप लागल्यावर स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम दिलं तर तेही शिरेत झोंबतं आणि पेशंट झोपेतच हात आखडून घेतो. तुम्हाला ते आठवणार नाही.

घरी गेल्यावर सुईच्या जागी दोरीसारखी कडक, दुखरी शीर हाताला लागली तर कोमट फडक्याने शेक द्या आणि हात उशीवर उंच ठेवा. लाली वर सरकत असेल, पू दिसला किंवा ताप आला तर डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर फोन करा, रात्र असली तरी.